दीर्घ ऊकार

‘हे काल दुपारी सूटले. उपकारस्तुती करावी. आज चार वाजता मंडळीने घरी यावे.’

चिठ्ठी मिस्त्रींच्या बायकोची होती. उपासनेला दहा मिनिटं उरली होती आणि मी वेदीमागच्या खोलीत चिठ्ठ्यांची पेटी उघडून बसलो होतो. सवयीने खिशातलं लाल पेन काढलं आणि ‘सूटले’मधला दीर्घ ऊकार ऱ्हस्व केला. मग वाक्यच अपुरं वाटलं. कुठून सुटले ते नको का सांगायला? ‘दुपारी’च्या पुढे खूण केली आणि वर लिहिलं, ‘दवाखान्यातून’.

छापखान्यात तीस वर्षं मी मुद्रितं तपासली. मंडळीत मला तोंडावर मास्तर आणि माघारी ऱ्हस्वदीर्घ म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि त्याचा मला मनातून थोडा अभिमानही होता.

पेटी मिस्त्रींनीच बनवलेली. तिला दोन कप्पे, एक प्रार्थनेच्या विनंतीचा आणि एक उपकारस्तुतीचा. आठ महिने त्यांच्या घरची चिठ्ठी विनंतीच्या कप्प्यात निघायची आणि मी ती स्वच्छ आवाजात वाचायचो. आज ती दुसऱ्या कप्प्यात निघाली आणि मला हायसं वाटलं. मिस्त्रींसाठी कमी, स्वतःसाठी जास्त. कारण आठ महिन्यांत मी त्यांच्याकडे एकदाच गेलो होतो.

तेव्हा ते दवाखान्यातल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला बघून मोठ्या कष्टाने कुशीवर वळले.

“मास्तर, इतकं दुखतंय ते देवाला कळत असेल का हो?”

“विश्वास ठेवा, मिस्त्री. त्याची काहीतरी योजना असेल.”

“योजना असेल हो. मी दुखण्याचं विचारत होतो.”

बस चुकेल म्हणत मी उठलो. बसला अजून अर्धा तास होता.

ही चिठ्ठी निघाली त्या रविवारी पाळक दुसऱ्या गावच्या उपासनेला गेले होते, म्हणून व्यासपीठ माझ्याकडे होतं. मी चिठ्ठी वाचली आणि तेवढ्यावर थांबलो नाही. “आठ महिने आपण गुडघे टेकले आणि देवाने ऐकलं,” असं म्हणालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऑर्गनवाल्या मावशींनी कुणी न सांगता आनंदाचं गीत धरलं. इतकी रंगलेली उपासना मी बऱ्याच दिवसांत घेतली नव्हती.

चार वाजता आम्ही वीस-पंचवीस जण निघालो. मिस्त्रींचं घर गावाबाहेरच्या वस्तीत; तिथे मंडळीतलं दुसरं कुणी राहत नाही. बायकांनी ठेवणीतले कपडे घातले होते, कुणी फळं घेतली होती, मावशींनी मिस्त्रींसाठी विणलेला मफलर आणला होता. मी सगळ्यांच्या पुढे होतो. माझ्या मागून कुणीतरी आधीच ओरडलं, “मिस्त्री, उठा आता, आमच्या बाकाचा पाय हलतोय.”

दारात पाळक पांढरा झगा घालून उभे होते. निरोप मिळाल्यावर ते दुसऱ्या गावाहून परस्पर इकडेच आले होते. “फळं कशाला?” त्यांनी हळूच विचारलं. त्यांच्या खांद्यावरून मला आतली शवपेटी दिसली. मागचं हसणं एकेक करून बंद झालं.

सुटले. माझे वडील गेले तेव्हा माझी आई हेच म्हणाली होती. दुखणाईत माणसाबद्दल हा शब्द कुणालाही कळतो. मला कळला नाही, कारण मला तो कळायला नको होता. मिस्त्री बरे झाले असते तर मी न गेल्याचं कुणी काढलं नसतं. मी एका विधवेच्या चिठ्ठीत माझ्या सोयीचा शब्द घुसवला होता आणि त्यावर टाळ्या घेतल्या होत्या. जमीन पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

वहिनी आतल्या खोलीत होत्या. मी उंबऱ्यातच उभा राहिलो.

“वहिनी, चिठ्ठीत मी एक शब्द घातला.”

“कळलं. मावशींनी रडत रडत सांगितलं.”

“माझं चुकलं.”

“टाळ्या वाजल्या म्हणे.”

मी मान खाली घातली.

“वाजू द्या. मी उपकारच मानले होते, भाऊ. शेवटच्या दिवशी ते ओरडले नाहीत. पाणी मागितलं, प्यायले, माझा हात धरला आणि गेले. सकाळी पेटीशी मी बराच वेळ उभी होते. मग चिठ्ठी उपकारस्तुतीच्याच कप्प्यात टाकली. देव चांगला आहे हे मला काल दुपारी दिसलं. तेवढंच दिसलं, पण दिसलं.”

त्यांनी पदराने तोंड पुसलं.

“राग नाही असं नाही हं. तुमच्यावर आहे. मास्तर आले का, असं दर रविवारी विचारायचे. त्यांना उत्तर नको होतं तुमच्याकडून. जवळ बसायला माणूस हवं होतं.”

हे त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मग त्यांनी दारामागे टेकवलेला लाकडी क्रूस पुढे आणला. मिस्त्रींनी बाकांच्या उरलेल्या फळ्यांतून तो आधीच करून ठेवला होता. अक्षरं वहिनींनी सकाळी ब्रशने काढली होती.

“जरा बघता का? रंग ओला आहे अजून. चूक असेल तर आत्ताच पुसता येईल.”

नाव होतं, दोन तारखा होत्या आणि खाली एकच शब्द होता, ‘सूटले’. ऊकार दीर्घ, ठसठशीत, शेपूट लांब ओढलेली. पेन माझ्या खिशातच होतं.

“बरोबर आहे,” मी म्हणालो.

“नक्की?”

“नक्की, वहिनी.”

शवपेटी उचलली गेली. क्रूस न्यायला कुणी नव्हतं. मी नेऊ का म्हणून विचारलं, वहिनींनी मान डोलावली. ओला ऊकार कशाला लागू नये म्हणून तो अंगापासून लांब धरून मी निघालो. हात लवकरच भरून आले. मी सगळ्यांच्या मागून चालत राहिलो.