वाटणीतली बस

समाजमंदिराच्या कट्ट्यावर संध्याकाळी मथुराबाई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. शेजारी तिची सून प्रीती मोबाइलवर गावच्या ग्रुपातलं वाचून दाखवत होती. देशातल्या सगळ्यात श्रीमंत माणसाची संपत्ती किती, याचा आकडा कुणीतरी टाकला होता.

"समद्या देशात सारखी वाटली तर किती मिळंल गं?" मथुराबाईनं विचारलं.

प्रीतीनं भागाकार केला. "माणशी पावणेसहा हजार, आत्या."

रस्त्यानं जाणारे तात्याराव थांबून हसले. गावात सगळ्यात जास्त जमीन त्यांची. "एवढ्यात म्हशीचा एक पाय बी येत न्हाय."

"एकट्याला न्हाय येत," मथुराबाई म्हणाली. "समद्या गावाचे एका जागी ठिवले तर?"

दोन हजार वस्तीचं गाव. आकडा कोटीच्या वर गेला, तशी आजूबाजूची माणसं कट्ट्याभोवती जमली. मग जो तो खर्च सांगू लागला. तात्यारावांना गावाच्या तोंडाशी मोठी कमान पाहिजे होती. पोरांना जिम पाहिजे होती. बाया मात्र एकच बोलत होत्या: कळंबची बस. मागं कधीतरी ती बंद झाली, तेव्हापासून दवाखाना असो की बाजार, फाट्यापर्यंत पायपीट ठरलेली.

मथुराबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "बाई, बस तर सरकारची हाय. तिला कोटभर रुपयं कशाला लागत्यात?"

दुसऱ्या दिवशी दहा-बारा बाया कळंबच्या एसटी आगारात गेल्या. साहेबांनी ऐकून घेतलं. "बस द्यायला आमची ना नाही," ते म्हणाले. "पण गावात गाडी वळायला जागा राहिली नाही. जागा करा, गाडी पाठवतो."

जागा होती. वेशीजवळच्या सरकारी पटांगणात तात्यारावांचा उकिरडा आणि दोन मोडक्या ट्रॉल्या वर्षानुवर्षं पडून होत्या. ते काढा म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती.

मथुराबाई त्यांच्या दारात गेली. "तात्या, परवा आपुन दुसऱ्याच्या धनाचे वाटे घातले. तवा तुमी बी हसत व्हता. आता गावाची जागा गावाला द्या."

तात्याराव लाल झाले. "माझ्या दारात येऊन मला शिकवतीस व्हय?"

"शिकवत न्हाय. मागाया आले."

ते पाठ फिरवून आत गेले. मथुराबाईला वाटलं, संपलं. पण त्यांच्या कारभारीण तुळजाबाई उंबऱ्यात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. गुडघ्याच्या दुखण्यानं त्यांनाही फाट्यापर्यंत चालवत नव्हतं, आणि नवऱ्याच्या मोटारसायकलला सवड कधी नसायची. "मथुराबाई, सकाळी थांबा माझ्यासाठी," एवढंच त्या म्हणाल्या.

सकाळी पटांगणात पहिली पाटी तुळजाबाईंनी उचलली. कधी चिखलात पाय न घातलेली ती बाई शेणखताची पाटी डोक्यावर घेऊन निघाली, तसा सगळा गाव बघत राहिला. मग एकेक फावडं येत गेलं. बौद्धवाड्यातल्या आणि वरच्या आळीतल्या बाया एका रांगेत लागल्या. ऊन चढायच्या आत ट्रॅक्टरचा आवाज आला. तात्याराव स्वतः चालवत होते. कुणाकडं न बघता त्यांनी ट्रॉल्यांना साखळी बांधली आणि ओढून नेल्या. उकिरड्याचं खत शेतात पडलं. तेही वाया गेलं नाही.

पुढच्या आठवड्यात बस आली. पटांगणात तिनं एकाच दमात गर्रकन वळण घेतलं, तेव्हा बायांनी असा गलका केला की ड्रायव्हर हसायलाच लागला. तुळजाबाईंनी नारळ फोडला आणि मथुराबाईचा हात धरून तिला आधी वर चढवलं.

"कुठं जायचं, मावशी?" कंडक्टरनं विचारलं.

कळंबात तिचं काहीच काम नव्हतं. "कळंब," ती ऐटीत म्हणाली, "बायांचं अर्धं तिकीट," आणि खिडकीची जागा धरून बसली. पाठीमागं आख्खी बस भरली होती.