हात कोण धुतं?

“पोरांना ‘असं का करता’ विचारलंस की ती दार लावून घेतात. ‘किती वेळा’ विचार, म्हणजे फट राहते.” ताईंना शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई जाऊन अकरा वर्षं झाली होती; पण नवा कागद पुढ्यात घेतला की त्यांचा तो सर्दीने बसलेला आवाज हटकून यायचा.

मुलांच्या मनाच्या ओपीडीत ताई प्रश्नावली भरायच्या. नको असलेला विचार किती वेळ घोळतो, त्यापायी तीच ती कृती किती वेळा होते, त्याला गुण द्यायचे. गुणांवर उपचार ठरायचे. आज समोर बारा वर्षांची मुलगी, शेजारी तिची आई.

“दिवसातून हात किती वेळा धुतेस गं?”

“जेवायच्या आधी,” उत्तर आईचं. “शाळेतल्या बाईंनी इकडे पाठवलं, त्यांचं आपलं काहीतरीच, मॅडम. पोर टापटिपीची आहे, एवढंच. बापावर गेली असती तर घराचा उकिरडा झाला असता!”

मुलगी हसली नाही. तिचे हात लोण्यासारखे मऊ. ताईंनी शून्य मांडलं, त्याखाली आणखी शून्यं. बेरीज एवढीशी झाली, की पुन्हा यायचं कारणच उरलं नाही.

“इथे सही करा.”

आईने पेन धरलं. पेरापेराला भेगा, मनगटापर्यंत कातडी सोललेली.

ताईंनी कागद मागे ओढला. “आणि तुम्ही? तुम्ही किती वेळा धुता?”

आईने पेन ठेवून हात पदराखाली घेतले. मग खालच्या आवाजात म्हणाली, “ती सांगते तेवढ्या वेळा. तिचं ताट वाढण्याआधी पंधरा. मोजताना चुकलं की पहिल्यापासून. नाही धुतले तर पोर उपाशी झोपते हो.”

“तुम्ही जरा बाहेर बसा.”

दार लागलं. ताईंनी शून्यांवर काट मारली आणि पेनाला टोपण लावलं.

“आई चौदावर थांबली तर काय होईल?”

मुलगी बाहीचं टोक पिळत राहिली.

“इथे पुष्कळ मुलं येतात. भलतेसलते विचार सगळ्यांनाच येतात. विचार आला म्हणून कुणी वाईट ठरत नाही.”

मुलीने बाही सोडली.

“आई मरेल.”

ताईंनी कागद उलटा ठेवला. काही लिहिलं नाही.

“आणि ताई… ते मीच म्हणते. मनात. मर, मर, असं. मला नको असतं, तरी येतं.”