हाजराची जागा आणि माझं पोट

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, माझी अक्कल बेताचीच आहे. मी मोटारसायकलची एक जुनी पेट्रोलची टाकी आहे. पोट भलंमोठं, पण माणसांच्या मनातलं काही त्यात उतरत नाही. माझ्यावरून एका घरात जे रामायण घडलं, ते मला अजून पुरतं उलगडलेलं नाही. तुम्हीच ऐका, आणि काही समजतंय का बघा.

माझा जन्म मकासार शहरातल्या एका कारखान्यात झाला. नास्सा उस्तादांनी लाकडी हातोडीने पत्रा ठोकून ठोकून मला गोलाई दिली, सांधे जोडले आणि आत पाणी भरून कुठे पाझरते का ते पाहिलं. ठोके खाताना मी मनातून फार रडले. पण रंग चढल्यावर उस्तादांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "हत्तीण आहे हत्तीण! हिला एकदा पाजलं की पुढच्या मुलखात जाऊनच तहान लागायची." ऐकून माझा आनंद गगनात मावेना.

मला न्यायला दूरच्या पालू गावाहून बहारुद्दीन आले. त्यांचा मासेमारीच्या जाळ्यांचा धंदा. माल घ्यायला ते मकासारला येत. स्वभावाने भोळे, पण बोलणं एकदा सुरू झालं की थांबायचं नाव नाही.

"उस्ताद, दर ईदला आम्ही नवराबायको मोटारसायकलवरून लांब सेंगकांगला जातो, तिच्या आईकडे. म्हातारी आता उठून कुठे येऊ शकत नाही, डोळे लावून बसते. पण ईदच्या तोंडावर पंपावर ही भलीमोठी रांग! गेल्या वर्षी ऐन उन्हात उभं राहून हाजराला चक्कर आली. माझ्या तर तोंडचं पाणी पळालं. म्हटलं, आता ती रांगच नको."

"वहिनींना सांगितलंत का?"

"छे! सांगितलं तर मजा काय राहिली?"

मित्रांनो, हे सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं. म्हणजे टाकीला कान नसतात, पण ऐकलं खरं. म्हणूनच पुढचं सगळं मला कोड्यासारखं वाटतं.

पालूला ताहिरच्या गॅरेजमध्ये मला गाडीवर चढवायचं काम सुरू झालं. गाडीची मूळची टाकी इवलीशी. ती उतरवली आणि मला ठेवून बघितलं, तर हँडल वळवलं की माझ्या गालावर आपटायचं! ताहिरने खाली तुकडे घालून हँडल उंच केलं. मग लक्षात आलं, मी सीटच्या जागेतही शिरलेय. सीट पुढून वीतभर कापावी लागली. मागे सामानाचं लोखंडी कॅरियर, ते जागचं हलेना. ताहिर डोकं खाजवत म्हणाला, "बहारभाऊ, मागे वहिनी बसणार ना? की त्यांना घडी घालून ठेवणार?"

"बारीक आहे रे ती, मावेल! तू नट आवळ."

पहिल्याच फेरीत गाडी आचके देऊन बंद पडली. सगळे माझ्यावर डाफरले. मी काय केलं होतं? झाकणाला हवेचं भोकच पाडलेलं नव्हतं. झाकण उघडल्यावर 'फुस्स' झालं, ताहिरने त्याला भोक पाडलं आणि गाडी सुरळीत चालू लागली. बहारुद्दीनचे मोटारसायकलवरून भटकणारे मित्र जमले, कुणी माझं पोट थोपटलं, कुणी माझ्याबरोबर फोटो काढले. "आता काय, थेट चंद्रावर जा!" असं एकजण म्हणाला. मला वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

घरी आलो तेव्हा हाजरा अंगणात केळीची पानं पुसत बसली होती. ईदच्या बुरासासाठी, नारळाच्या दुधातला भात त्यात बांधायचा असतो. तिने माझ्याकडे पाहिलं, मग सीटकडे पाहिलं. उठली आणि मागे बसून बघितलं. लगेच उतरली.

"छान आहे," ती म्हणाली. "या वर्षी तुम्ही एकटेच जा."

"म्हणजे? अगं, आई वाट बघेल तुझी!"

"मी बसने जाईन."

"बसची तिकिटं केव्हाच संपली!"

"मग नाही जाणार."

ती आत निघून गेली. बहारुद्दीन आ वासून उभे. मी तर त्यांच्याहून गोंधळलेली. ज्या बाईसाठी मला घडवलं, ती माझं तोंडही बघेना! मला ओरडून सांगावंसं वाटलं, 'अगं बाई, हे सगळं तुझ्यासाठीच केलंय त्यांनी!' पण टाकीने ओरडायचं कसं? आणि बहारुद्दीनना एरवी बोलायला थांबवावं लागे, ते नेमके इथे मुके झाले. मनातून चिडले होते. इतक्या हौसेने केलं आणि साधं कौतुकही नाही, म्हणून फुगून बसले.

ईद जवळ येत चालली. सेंगकांगहून म्हातारीचा फोन आला. हाजरा हसून "येतो हं आई, येतो" म्हणाली आणि फोन ठेवल्यावर ओढणीआड रडली. मला फार वाईट वाटलं. माझ्यामुळे एक लेक आईला भेटणार नाही असं दिसत होतं, आणि माझा गुन्हा काय तेच मला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ताडकन बाहेर आली. "किल्ली द्या. आज मी चालवते. तुम्ही मागे बसा."

"तुला ही झेपणार नाही."

"बाजारापर्यंत तर जाऊ. बसा म्हणते ना!"

माझ्या रुंद पोटामुळे तिचे पाय जेमतेम जमिनीला टेकत होते. पण बाई खमकी, तिने गाडी काढली. मागे बहारुद्दीन! प्रत्येक खड्ड्याला कॅरियरची सळई त्यांच्या पाठीत, प्रत्येक ब्रेकला ते पुढे घसरत. धरायला काही नाही. "अगं हळू! मेलो!" असं ओरडत होते. बाजारातल्या बायका तोंडावर हात ठेवून हसत होत्या. हाजराने बाजाराला वळसा घालून गाडी परत अंगणात आणली.

उतरून कंबर चोळत त्यांनी कापलेल्या सीटवर हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "हाजरा, तू रांगेत पडलीस ना गेल्या वर्षी, तेव्हा मी फार घाबरलो गं. म्हणून ही बसवली. तुझी जागा जाईल हे डोक्यातच आलं नाही."

हाजराने त्यांच्याकडे पाहिलं. "आधी का नाही सांगितलंत? मला वाटलं, तुम्हाला आता बायको मागे नकोच आहे, नुसतं पेट्रोल न्यायचंय!" तिचे डोळे भरून आले. "आणि काय हो, मी पडले ती रोज्याच्या उपासाने. रांग मला आवडते. गाडीवर तुमची पाठच दिसते. वर्षभर जाळी, गिऱ्हाईक, मित्र... तुम्ही माझ्याशी निवांत बोलता, ते त्या रांगेतच."

त्याच दिवशी मला उतरवलं. छोटी टाकी परत बसली, ताहिरने कापलेल्या सीटला तुकडा शिवून जोडला. दोघं पानात बांधलेला भात घेऊन निघाली. परत आल्यावर हाजरा शेजारणीला सांगत होती, "आईने तर दारातच मिठी मारली. आणि रांग म्हणशील, दुपारभर!" सांगताना हसत होती. दुपारभर उन्हात उभं राहून माणसं खूश होतात? माझं डोकं चक्रावून गेलं.

आता मी मागच्या पडवीत असते. बहारुद्दीन मला साफ विसरले. रिकाम्या टाकीला आतून गंज चढतो, मित्रांनो, तो बाहेरून दिसत नाही. मी त्याचीच वाट बघत होते. पण एके दिवशी हाजरा तेलाची बाटली घेऊन आली. माझ्या पोटात तेल ओतून तिने मला मांडीवर घेतलं आणि तेल आत सगळीकडे लागेल असं गोल फिरवलं. मग ओढणीने माझी धूळ पुसत म्हणाली, "तुझा काही दोष नव्हता गं."

दर पावसाळ्याआधी ती येते. जिची जागा मी घेतली, तीच मला जपते. याचा अर्थ मला लागत नाही. तुम्ही माणसं आहात, तुम्हाला लागत असेल. माझं एवढंच मागणं आहे, कुणासाठी काही मोठं आणाल, तर ते ठेवायच्या आधी त्या माणसाला विचारा, 'तू कुठे बसशील?'