धारेचं फूल

मित्रांनो, इंदापूरजवळच्या एका वस्तीवर, गोठ्याच्या दाराशी राहणारी मी एक जुनी गुलबक्षी आहे. फारसीत 'गुल' म्हणजे फूल. माझ्या रंगाच्या साडीलाही बायका गुलबक्षीच म्हणतात, त्यामुळे माझा तोरा काही कमी नाही. पण आमच्या घरात मला या नावाने कुणी ओळखत नाही. इथे मी धारेचं फूल.

हे नाव आमच्या मालकीण सिंधुबाईंच्या सासूने ठेवलं. सिंधुबाई नवी नवरी होऊन आल्या तेव्हा घरात घड्याळ नव्हतं. संध्याकाळची धार कधी काढायची, हे सारखं विचारायला त्यांना लाज वाटे. सासूने माझ्याकडे बोट दाखवलं. हे उमललं की चरवी घेऊन गाईखाली बसायचं.

पुढे भिंतीवर घड्याळ आलं, मोबाईल आले, तरी सिंधुबाईंनी मला सोडलं नाही. दरवर्षी मी वाळायची आणि कंदातून पुन्हा फुटायची, ती त्यांच्या शेणपाण्यावर. आता मोतीबिंदूमुळे त्यांना घड्याळाचे काटे दिसत नाहीत. माझा वास आला की त्या उठतात.

यंदा अंगणात फार चिखल झाला. मुलगा कुंडलिक लोणी देवकरच्या कारखान्यात जातो, त्याची गाडी रोज रुतायची. सून अनिताने सिमेंटचे ब्लॉक बसवायचं ठरवलं. मी नेमकी मध्ये येत होते. सिंधुबाईंनी नुसता माझ्या पानांवरून हात फिरवला. मला फार वाईट वाटलं.

गवंडी यायच्या आदल्या दिवशी आभाळ काळंकुट्ट झालं. अशा अंधारात संध्याकाळ झाली असं वाटून मी नेहमीच फसते. दुपारी दोन वाजताच उमलले आणि सिंधुबाई चरवी घेऊन गाईखाली जाऊन बसल्या. गाय काही पान्हा सोडेना. अनिता धावत आली.

"आत्या, आत्ताशी दोन वाजल्यात. कसली धार काढताय?"

"फूल उमललंय की गं. वास येतोय न्हवं."

अनिताने माझ्याकडे पाहिलं. आता माझी धडगत नाही, असं मला वाटलं. पण तिने सासूच्या हातातली चरवी घेतली, शेजारी बसली आणि या फुलाला असं नाव का पडलं, ते पहिल्यांदाच विचारलं. सिंधुबाई पुष्कळ वेळ सांगत होत्या.

सकाळी गवंड्याने कुदळ उचलली, तेव्हा अनिता आडवी आली. "हितली माती तशीच ठेवा. ह्ये आत्यांचं घड्याळ हाय."

आज माझ्याभोवती ब्लॉक आहेत आणि मध्ये हातभर माती. अनिताचे उपकार मी विसरणार नाही. मित्रांनो, दारातलं झाड उपटण्याआधी घरातल्या थोरांना त्याची हकिकत जरूर विचारा.

मी अजूनही फसते. पण आभाळ भरून आलं की अनिता आता आतूनच सांगते, "आत्या, ढग हायती. निजा अजून."