औषधाच्या खिडकीत घेतलेलं नाव

ती औषधाची खिडकी मुळात बांधलीच आहे माणसाला वाकवायला. काच वरपर्यंत, आणि बोलायला भोक कुठे, तर कमरेशी! वाकून उभं राहायचं, आत बसलेल्या रोझाची मर्जी सांभाळायची आणि मागचा माणूस मानेवर श्वास टाकतोय तेही सोसायचं. दुखण्यावरचं ते कडक औषध अख्ख्या नारीन गावात इस्पितळासमोरच्या या एकाच दुकानात मिळतं. नाहीतर मी कशाला बघायला जातेय तिचं तोंड!

औषध माझ्या सासऱ्यांचं. अता, म्हणजे बाबा, म्हणते मी त्यांना. पोटात गाठ झालेली, डॉक्टरांनी हात टेकलेले. आता फक्त दुखू नये एवढंच बघायचं होतं, आणि घरातली शेवटची सुई सकाळीच देऊन झाली होती. एरवी नणंद औषध घेऊन यायची, पण ती घाटापलीकडे आणि घाट बर्फानं बंद. नवरा मॉस्कोत, इमारतींवर विटा चढवतोय. पोरं लहान. राहिलं कोण, तर मी. शेजारच्या बात्मा एजे, म्हणजे बात्माताई, जुन्या नर्स आहेत, त्यांना अतांपाशी बसवून मी धावत सुटले होते.

"पेशंटचं नाव?" रोझानं चिठ्ठीवरची नजर न उचलता विचारलं.

"चिठ्ठीवर आहे की, एजे."

"मला वाचता येतं. तुझ्या तोंडून ऐकायचंय. या औषधासाठी नशेबाजसुद्धा चोरलेल्या चिठ्ठ्या घेऊन येतात. नाव, आडनाव, जन्मसाल."

जन्मसाल सांगितलं. पुढे तोंडाला कुलूप.

कसं घेणार नाव? लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून ते माझ्या जिभेवर आलेलं नाही. आडनाव आजेसासऱ्यांच्या नावावरून पडलेलं, म्हणजे तेही गेलं. वरच्या आळीतल्या एका मेंढपाळाचं नाव तेच आहे, तर त्या बिचाऱ्यालाही मी "तो वरचा" म्हणते. आम्हा किर्गिझांत सुना असंच करतात, आणि कुणी जबरदस्ती केली म्हणून नाही. अतांनी मला कधी उंच आवाजात हाक मारली नाही, मग मी एवढं पाळलं तर काय बिघडलं?

"माझे सासरे आहेत ते," मी म्हटलं. "सून आहे मी. समजून घ्या ना."

"सून आहेस आणि सासऱ्याचं नाव ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे. घेत नाही."

"मग औषधही घेऊ नकोस. चला, पुढचा!"

पुढचा कुणी हलला नाही, एवढी माणुसकी अजून आहे आमच्यात. एक टोपीवाले आजोबा म्हणाले, "आण पोरी चिठ्ठी इकडे, मी वाचतो."

"आजोबा, तुम्ही त्यांचे कोण?" रोझा कडाडली. "खोकल्याचं औषध मिळालं ना? मग निघा."

मी नवऱ्याला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला.

"कागदावर लिहून देते," मी म्हटलं.

"मी काय शाळेतली बाई आहे, तुझं शुद्धलेखन तपासायला? बोलायचं असेल तर बोल, नाहीतर दार तिकडे आहे. तोंड बघून तर वाटतंच आहे, काहीतरी काळंबेरं आहे."

डोक्यात तिडीक गेली. तिची वेणी धरून तिला त्या भोकातून बाहेर ओढावं असं वाटलं मला. पण औषध तिच्या हातात होतं.

मागून पिशवीवाली एक बाई ओरडली, "अगं रोझा, तूही कुणाची तरी सूनच आहेस! घे बघू तुझ्या सासऱ्याचं नाव!"

"मी इथे नोकरी करते, सासरी चहा ओतायला बसलेली नाही."

"ते असू दे. नाव घे!"

रांग हसली. रोझा कानापर्यंत लाल झाली, पण नाव काही तिनं घेतलं नाही. तो सगळा राग माझ्यावर निघाला. चिठ्ठी भोकातून बाहेर ढकलून म्हणाली, "आता तर ही बोलल्याशिवाय मुळीच देणार नाही."

तेवढ्यात फोन वाजला. बात्मा एजे. "चिनारा, कुठे आहेस गं? उशी चावतायत ते."

आणि त्यांच्या मागून मला तो आवाज ऐकू आला. घोड्यानं पाय मोडला तेव्हासुद्धा ज्यांनी हूं की चूं केलं नव्हतं, त्या माणसाचा.

"इसाबेक!" मी काचेवर हात आपटून ओरडले. "इसाबेक तुर्दुबायेव! झालं समाधान? इसाबेक!"

आजोबा जमिनीकडे बघत राहिले. रोझानं खोका सरकवला आणि म्हणाली, "एवढंच तर होतं. उगाच नाटकं."

मी तो खोका उचलला. बर्फावरून घसरत, रडत मी घराकडे पळाले. शरम वाटत होती, भर बाजारात त्यांच्या डोक्यावरची टोपी मीच काढल्यासारखी. निम्म्या वाटेत लक्षात आलं की हातातला फोन चालूच आहे आणि बात्मा एजे पलीकडून "हॅलो, हॅलो" करतायत.

घरी एजेंनी सुई दिली. मी दाराजवळ बसले, डोक्यावरचा रुमाल पुढे ओढून. अतांच्या मुठी हळूहळू सैल झाल्या. एजे घरी गेल्या. आता काय बोलतील, काय बोलतील, म्हणून मी नुसती रुमालाचं टोक पिळत होते.

"चिनारा, बात्माचा फोन माझ्या उशाशी होता."

"माफ करा अता. ती मेली देतच नव्हती, आणि तुम्ही इकडे..."

"ऐकलं सगळं." त्यांनी दम घेतला. "माझी आई अशी नाव घेऊन ओरडायची. मी मेंढरं घेऊन वर गेलो की खालून. ती गेली, मग थोरला भाऊ गेला. तुझी सासू जन्मभर 'अहो, ऐकलंत का' करत गेली. मग मी कुणाचा अता, कुणाचा आजोबा, नाहीतर तो म्हातारा. मला वाटलं, आता नाव घेईल तो मुल्लाच, जनाज्याला."

मी रुमाल आणखी पुढे ओढला.

"पुन्हा घे."

"नका ना अता. नाही जमायचं."

"रागानं नको. पोरांना घरात बोलावतेस ना, तशी हाक मार."

दुकानात एवढी बोंब मारणारी मी, आणि इथे आधी दार नीट लागलंय का ते बघितलं. शेवटी उठून त्यांच्या कानाशी वाकले.

"इसाबेक," मी म्हटलं. "ए इसाबेक, ये घरी. चहा निवतोय."

"ओ," डोळे मिटूनच ते म्हणाले. "आलो, आलो."