कपाळाला लावलेलं कार्ड

मार्चच्या एकोणतीस तारखेला मला अठ्ठ्याहत्तर वर्षं पूर्ण होणार होती आणि त्याच दिवशी माझं गाडीचं लायसन्स संपणार होतं. सत्तरीपुढच्या माणसाला आमच्याकडे ते नुसत्या सहीवर मिळत नाही. कचेरीत जाऊन त्यांच्या यंत्रात डोळे घालायचे आणि अक्षरं वाचून दाखवायची. जुन्या चष्म्यातून मला बांधावरचा बगळा आणि वाऱ्याने अडकलेली पिशवी सारखीच दिसायला लागली होती, म्हणून डॉक्टरकडून नवा नंबर काढून आणला. चष्मा तेवढा करायचा राहिला होता.

लायसन्स म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यालाच कळतं. माझ्या दारापासून चर्च अकरा मैल, मध्ये नुसती भाताची खाचरं आणि कोळंबीसारख्या क्रॉफिशची तळी. माझा नवरा नोली गेल्यापासून मी माझ्या ब्यूइक गाडीतून तीन विधवांना रविवारी मिस्साला नेते आणि गुरुवारी पत्ते खेळायला. लर्लीन, ओझीट आणि म्हाताऱ्या मिसेस प्रिमो. तिघींपैकी एकीलाही चाक धरता येत नाही. ज्याच्या हातात चाक, त्याचा शब्द. कधी निघायचं, कुठल्या रस्त्याने जायचं आणि वाटेत कुणाच्या सुनेला सोलायचं, हे मी ठरवते.

माझी सून शॉना. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, अजून मला ‘मिस एल्डा’ म्हणते, जसं काही मी तिची शाळेतली बाई. तिचं म्हणणं, गावातल्या चष्म्याच्या दुकानात जा. त्या दुकानातल्या फ्रेमा माझ्या नाकावर थांबत नाहीत. आमच्या घराण्याचं नाक बसकं आहे, त्याला मी काय करू? आणि मला हवी होती ती आमच्या चर्चच्या फादरच्या बहिणीसारखी, इटलीच्या नावाची, कडेला कासवाच्या पाठीचा रंग असलेली. ती कॉम्प्युटरवर मिळते. बसक्या नाकाची वेगळी फ्रेम असते, हेही तिथेच कळलं. शॉनाने स्वतःचा टॅबलेट आणून दिला, पडद्यावर माझ्या चेहऱ्याला फ्रेम चढवून दाखवली. एक साधा चष्मा आणि त्याच नंबरचा उन्हाचा, असे दोन मी पसंत केले. मग भिंगं नेमकी बसवायला दोन बुबुळांमधलं अंतर मापायचं होतं. शॉना म्हणाली, शनिवारी येते, तेव्हा दोघी मिळून मापू.

मी तिला म्हटलं, “पन्नास वर्षं मी नजरेच्या मापाने झगे बेतले आणि ते पहिल्या शिवणीत बसले. माझं तोंड मापायला मला माणूस लागत नाही.”

ती गेल्यावर मी बसले. मी चौथीनंतर शाळा सोडली, त्यामुळे एकेक ओळ बोट लावून वाचली. बँकेचं कार्ड कपाळाला आडवं लावा आणि कॅमेऱ्यात बघा, असं लिहिलं होतं. बँकेचं कार्ड! कॅमेऱ्यासमोर! मी शाळा कमी शिकले, अक्कल कमी शिकले नाही. पर्समध्ये नोलीच्या अंत्यविधीला वाटलेलं प्रार्थनेचं कार्ड होतं, प्लास्टिक चढवलेलं, एका बाजूला संत जोसेफ आणि दुसऱ्या बाजूला नोलीचं नाव. हातात धरलं तर तेवढंच वाटलं. कार्ड ते कार्ड. कपाळाला लावलं, श्वास धरला, टॅबलेटने चित्र काढलं आणि आकडा सांगितला: एक्कावन्न. मी ऑर्डर पक्की केली. शनिवारी शॉनाने विचारलं, बँकेचंच कार्ड लावलंत ना? मी म्हटलं, मग काय स्वयंपाकघरातली फरशी लावू?

वाढदिवसाच्या आठ दिवस आधी डबा आला. फ्रेम अशी बसली की जन्मात कुठली बसली नसेल. नाकावरून हलेना, कानामागे टोचेना. आरशात मी पासष्टीची दिसत होते, हे मी शपथेवर सांगते. पण दारापर्यंत चालले आणि जमीन माझ्याकडे झुकली. टपालपेटीचा खांब एक होता, त्याचे दोन झाले. सवय होईल म्हणून दिवसभर घालून ठेवला. संध्याकाळी डोळ्यांमागे सुतळीने ओढल्यासारखं होत होतं. उन्हाचा चष्माही तसाच. फक्त दोन खांब काळे.

दुसऱ्या दिवशी शॉनाने कंपनीला फोन लावला आणि आवाज मोठा करून मधल्या टेबलावर ठेवला. पलीकडची मुलगी गोड होती. एक्कावन्न हे माप लहान मुलाचं असतं, मोठ्या माणसात फारसं सापडत नाही, असं ती म्हणाली. मग तिने विचारलं, “मॅडम, कपाळाला बँकेचंच कार्ड लावलं होतं का? दुसरं, त्याहून मोठं असेल तर आकडा लहान येतो. तसं असेल तर सांगा, आम्ही नव्याने मापून चार दिवसांत नवी भिंगं पाठवतो, काही खर्च नाही.”

शॉना माझ्याकडे बघत होती. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काही नव्हतं. मला मात्र तिथे हसू दिसलं. एकोणीस वर्षं मी हिला शिकवत आले, गंबोच्या रश्शाचा रू, म्हणजे तेलातलं पीठ, किती भाजायचं इथपासून. आता हिच्यासमोर म्हणू की मला साधं कुठलं कार्ड लावायचं ते कळलं नाही?

“बँकेचंच,” मी म्हटलं.

 मुलगी म्हणाली की माप बरोबर असेल तर नंबरच चुकला असणार, डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घ्या. डॉक्टरची पुढची वेळ पाच आठवड्यांनी होती. फोन ठेवल्यावर शॉना म्हणाली, “मिस एल्डा, काही सांगायचं राहिलंय का?” मी तिला भांडी विसळायला सांगितली.

त्यानंतरचे सहा दिवस रोज सकाळी मी ठरवत होते की आज फोन करते. पण कंपनीचा फोन नंबर टॅबलेटमध्ये, तो शोधायला शॉना लागते. ती आली की मी तिला दुसरंच काम सांगायचे.

एकोणतीस तारखेला शॉनाच घेऊन गेली. यंत्रात डोळे घातले तर अक्षरं एकमेकांच्या मांडीवर बसलेली. जुना चष्मा घालून पाहिला, तर अक्षरांच्या जागी मुंग्या. खिडकीमागचा माणूस माझ्या मुलाच्या वयाचा होता. त्याने दोन वेळा वाचू दिलं, तिसऱ्यांदाही दिलं. मग हळू आवाजात म्हणाला, “मॅम, डॉक्टरकडून हा कागद भरून आणा, मग पुन्हा बघू. तोवर गाडी चालवू नका.” ओरडला असता तर मी त्याला चांगली सुनावली असती. त्याने तीही सोय ठेवली नाही.

किल्ल्या मी स्वतःच शॉनाच्या हातात दिल्या. तिने मागायच्या आधी.

रविवारी ती माझ्या दारात ब्यूइक घेऊन उभी. लर्लीन आणि ओझीट मागे आधीच बसलेल्या. लर्लीनने शनिवारीच शॉनाला फोन करून किती वाजता यायचं ते विचारून घेतलं होतं. मला नाही. मिसेस प्रिमोचं कंबरेचं हाड बदललेलं आहे, तिला पुढेच बसावं लागतं, हा नियमही मीच घातलेला. म्हणजे मला मागे, दोघींच्या मध्ये, जिथे पायाखाली गाडीचा उंचवटा येतो. शॉनाने पुलाचा रस्ता घेतला. मी कधीच पुलावरून जात नाही.  उलट लर्लीन म्हणाली, अगं, हा रस्ता किती जवळचा.

मी नवाच चष्मा घातला होता. मिस्साला जुना घालून जायचा, तर गावाला काय सांगायचं? समोर दोन शॉना गाडी चालवत होत्या, दोन्ही नीट चालवत होत्या.

ओझीटने माझ्याकडे वळून निरखून पाहिलं. “एल्डा, काय गं शोभतोय तुला! कुठून घेतलास? मलाही असाच घेऊन दे ना.”

गाडीच्या आरशात शॉनाचे डोळे वर आले आणि माझ्यावर थांबले. ती वाट बघत होती. मला एवढंच म्हणायचं होतं की ओझीट, कार्ड मात्र बँकेचं लाव. तोंड उघडलं.

“शॉनाला विचार,” मी म्हटलं, “तिला सगळं येतं.”