गुणाजींची शिकवणी

जोगेश्वरी पूर्वेला, गुंफांकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये रत्नप्रभा धुरी बारा वर्षं योगवर्ग घेत होती. सकाळी साडेसहाला पंचवीसेक बायका जमायच्या. कुणाचे गुडघे दुखायचे, कुणाचं बीपी वाढलेलं, कुणाची झोप उडालेली. ल्युसी तर नवरा गेल्यावर वर्षभर धड झोपली नव्हती. रत्नप्रभाने तिला आडवं पडून नुसतं श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवलं. तीन आठवड्यांनी ल्युसी हॉलच्या दारातच तिच्या गळ्यात पडली. "काल सहा तास झोपले गं!"

असं काही घडलं की रत्नप्रभाला दिवसभर हलकं वाटायचं. बायकांचा तिच्यावर विश्वास होता. तिचा स्वतःवरही होता, आणि तो जरा जास्तच होता.

तिचे यजमान गुणाजी अंधेरीच्या एमआयडीसीत दगडी लाद्या कापायच्या कारखान्यात तीस वर्षं होते. योगाचं नाव काढलं की हसायचे. "दिवसभर श्वासच घेतंय मी. आणि येगळो कित्याक घेव?"

साठीला आले तसा त्यांना कोरडा खोकला सुरू झाला. मुलगी निधी मुलुंडहून आली की दर वेळी म्हणायची, "आई, बाबांचा एक्स-रे काढूया ना."

"एक्स-रे कशाला? रोज पंधरा मिनिटं प्राणायाम करू देत, महिन्यात खोकला पळेल," रत्नप्रभा म्हणायची. गुणाजी प्राणायाम करायचे नाहीत आणि दवाखान्यातही जायचे नाहीत. ती त्यांना आल्याचा काढा करून द्यायची. अशी दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत ते रोज सकाळी डबा घेऊन त्याच धुळीत कामाला जात राहिले.

मग एका रविवारी भाजीची पिशवी घेऊन चढताना ते दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसले ते उठेनात. ओठ निळे पडलेले. शेजारच्या किरणने रिक्षा आणली.

डॉक्टरांनी सगळं स्पष्टच सांगितलं. दगडाची धूळ फुफ्फुसात बसली होती, फुफ्फुसं कडक झाली होती. ती आता पुन्हा पहिल्यासारखी होणार नव्हती.

"दोन वर्षं आधी आणलं असतं तर?" रत्नप्रभाने विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "धुळीतलं काम तेव्हाच सुटलं असतं. कदाचित आणखी काही वर्षं मिळाली असती."

निधी तिथेच उभी होती. ती आईला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं रत्नप्रभाला वाटलं.

घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. त्याची घरघर घरात सतत चालू राहिली. वर्ग ती घेत होती, पण बायकांना सूचना देताना तिची जीभ जड व्हायची. घरात मात्र तिने योगाचा शब्दही काढला नाही. कुठल्या तोंडाने काढणार?

तो गुणाजींनीच काढला. एका दुपारी त्यांना एवढी धाप लागली की भीतीने डोळे विस्फारले आणि त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं. अर्ध्या तासाने शांत झाल्यावर ते म्हणाले, "त्या बायकांका काय शिकवतंस... तां माका शिकव गो."

तिने नेहमीसारखी सुरुवात केली. "खोल श्वास घ्या." त्याबरोबर खोकल्याची अशी उबळ आली की दोघं घाबरली. बारा वर्षांत शिकवलेलं इथे चालत नव्हतं. मग ती इस्पितळातल्या फिजिओथेरपीच्या बाईंकडे गेली, वही घेऊन विद्यार्थिनीसारखी बसली आणि नव्याने शिकून आली. श्वास घ्यायची घाई करायची नाही. ओठांचा चंबू करून आधी सोडायचा, सावकाश, सहा आकडे होईपर्यंत. आत यायचा तो आपोआप येतो.

रोज सकाळी ती दोघं खिडकीशी समोरासमोर बसायची. ती आकडे मोजायची, ते सोडायचे. पलंगापासून खिडकीपर्यंत जायचं तर दोन पावलं आणि एक श्वास. आंघोळ स्टुलावर बसून. जेवताना एक घास, मग चमचा खाली. आजार तसूभरही मागे हटला नाही, पण धाप लागली की त्यांच्या डोळ्यांत जी भीती यायची, ती कमी झाली. ते हळूहळू दाढी स्वतःची स्वतः करायला लागले.

आयुष्यभर दहा मिनिटांत जेवण उरकणारा हा माणूस एकदा कुळथाची पिठी चाखत म्हणाला, "तू पिठीत कोकम घालतंस, ह्या माका आज कळला."

त्याच दिवशी तिने धीर केला. "अहो, निधी एक्स-रे म्हणत होती, तेव्हा मीच काढू दिला नाही."

गुणाजींनी श्वास पुरता सोडला. "तू सांगितलं असतंस तरी... मी खंय जातलंय होतंय!"

ते खरंच गेले नसते, की नुसतं तिचं मन राखायला तसं म्हणाले, हे तिला कधीच कळलं नाही.

असे आठ महिने गेले. सप्टेंबरातल्या एका दुपारी, निधी पायाशी बसलेली असताना, रत्नप्रभा आकडे मोजत होती. चार, पाच, सहा. गुणाजींनी श्वास सोडला. ती पुढच्याची वाट बघत राहिली. मग पुन्हा एकपासून मोजायला लागली. निधीने तिच्या खांद्यावर हात ठेवला तरी ती मोजतच होती.

दीड महिना तिने हॉलचं तोंड पाहिलं नाही. ल्युसी घरी आली. "चल ना गं. बायका विचारतात."

"मला जमत नाही आता. डोळे मिटले, श्वास सोडला, की पुढचा येणारच नाही असं वाटतं."

"माझंही तसंच व्हायचं गं. माझा डेनिस गेल्यावर. तूच म्हणालीस, रडायला आलं तर रड, फक्त अंथरुणावर पडून राहा. मी तेवढंच केलं."

दुसऱ्या दिवशी रत्नप्रभा गेली. सतरंज्या घातल्या होत्या. तिने उभ्या उभ्याच सांगितलं, "आधी माझं ऐका. ह्यांना खोकला होता तेव्हा मी डॉक्टरकडे नेलं नाही. प्राणायामाने जाईल, असं मीच म्हणाले. माझं चुकलं. इथे येऊन झोप लागेल, मन शांत होईल, दुखणं सोसायला बळ येईल. पण दुखणं काय आहे ते डॉक्टरलाच विचारायचं. मला विचारायचं नाही."

पुढच्या रांगेतली मालन उठली, सतरंजी गुंडाळून निघून गेली, आणि पुन्हा कधी वर्गाला आली नाही. बाकीच्या बसून राहिल्या.

वर्ग झाला. शेवटी बायका शवासनात पडल्या. एरवी रत्नप्रभा त्यांच्यामधून फिरत सूचना द्यायची. त्या दिवशी ती "श्वास सोडा" एवढंच म्हणाली. मग ल्युसीच्या शेजारी जागा होती तिथे तीही आडवी झाली. डोळ्यांतलं पाणी कानांवरून केसांत उतरत राहिलं. तिने ते पुसलं नाही. श्वास सुटत होता, येत होता.

साडेसातला कुणाच्या तरी साखरपुड्यासाठी खुर्च्या घेऊन माणसं दाराशी आली. ल्युसीने पडल्या पडल्याच हात वर करून त्यांना थांबायची खूण केली. रत्नप्रभा उठेपर्यंत एकही बाई उठली नाही.